जिभेवरील जंतू आणि नायट्राइट

मुखातील जंतू म्हणजे रोगाचे मूळ, असा समज आरोग्यपाठामुळे मुलांच्या मनात सहज दृढ होतो. तो अर्धाच खरा आहे. दात किडविणारे जंतू निराळे. जिभेच्या मागील भागावर वस्ती करून शरीराच्या उपयोगी पडणारे निराळे.

पालक, माठ, मुळा इत्यादी भाज्यांत नायट्रेट हे द्रव्य विपुल असते. ते पचनमार्गातून रक्तात जाते. त्याचा सुमारे चतुर्थांश भाग लाळग्रंथी ओढून घेतात व लाळेवाटे पुन्हा मुखात सोडतात. नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे सामर्थ्य मानवी देहात अत्यल्प आहे; ते कार्य मुख्यतः हे जंतू करतात. असे नायट्राइट पोटात उतरले की आम्लाच्या योगाने त्यापासून नायट्रिक ऑक्साइड वायू निर्माण होतो; काही नायट्राइट रक्तात जाऊन तेथेही हा वायू देते. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो व रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साह्य करतो. त्याच्या या कार्याच्या शोधाबद्दल १९९८ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतुनाशक औषधाने नित्य चुळा भरल्यास हे उपयुक्त जंतू घटतात. नुसत्या दात घासण्याने तसे होत नाही.

तथापि हेच द्रव्य अस्थानी अपायकारक ठरते. उकिरडा, शौचखड्डा किंवा शेतातील खत यांचा अंश विहिरीत झिरपल्यास पाण्यातील नायट्रेट वाढते. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतील, वरचे दूध पिणाऱ्या अर्भकास असे पाणी दिल्यास नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळसर पडतात. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.

दुसरा धोका खर्ऱ्याचा. तंबाखूतील द्रव्यांशी नायट्राइटचा संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइने बनतात. त्यांतील बरीचशी तंबाखू तयार होतानाच बनलेली असतात. काही शरीरातही बनतात. उपकारक जंतूंचे कार्य अशा रीतीने अपकारक होते.

आसगावसारख्या गावातील शिक्षकांनी हा पाठ पुढील क्रमाने द्यावा: प्रथम परसातील पालेभाजी, मग लाळ, मग विहीर. विहिरीचा उकिरड्यापासूनचा अंतराव मुलांकडून मोजवून घ्यावा आणि पाण्याची तपासणी करून घेण्याविषयी ग्रामपंचायतीस सुचवावे. खर्ऱ्याविषयी मात्र बोलण्यापूर्वी शिक्षकाचे स्वतःचे मुख निर्मळ असावे. मुले ऐकतात त्याहून अधिक पाहतात.