बर्फाळ प्रदेशातले ‘क’ जीवनसत्त्व

हिरड्यांतून रक्त, सुजलेले पाय, खिळखिळे दात आणि उठवू नये असा थकवा. जुन्या ध्रुवीय मोहिमांत ही लक्षणे दिसली की खलाशांच्या पोटात गोळा येई. हा स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. डबाबंद मांस आणि बिस्किटांवर जगणारे दर्यावर्दी त्याने दगावत. आर्क्टिकमधले इन्युइट लोक मात्र फळे-भाज्या जवळपास नसतानाही धडधाकट राहत.

हे कोडे आधी प्रवाशांनी प्रत्यक्ष वापरून सोडवले. १८९८मध्ये ‘बेल्जिका’ जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्याआधी ग्रीनलंडमध्ये इन्युइटांचा आहार पाहिला होता. त्यांनी आजारी सोबत्यांना पेंग्विन आणि सीलचे ताजे, जेमतेम शिजवलेले मांस खायला लावले. माणसे सावरली.

कॅनडात जन्मलेले व्हिल्यालमूर स्टेफानसन १९०६पासून इन्युइटांमध्ये राहिले, त्यांचेच अन्न खाल्ले आणि पुढे आयुष्यभर आर्क्टिकवर लिहीत, बोलत राहिले. डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली ते व त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन वर्षभर फक्त मांसाहारावर राहिले. स्कर्व्ही झाला नाही. मात्र सुरुवातीला स्टेफानसन यांना केवळ चरबीविरहित मांस दिले गेले, तेव्हा मळमळ आणि जुलाब सुरू झाले. आहारात चरबी येताच ते बरे झाले.

याचे कारण साधे आहे. माणसाचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही; बहुतेक सस्तन प्राणी करतात. म्हणून सीलच्या यकृतात आणि व्हेलच्या त्वचेत ते भरपूर असते. चरबीसह खाल्ल्या जाणाऱ्या या त्वचेला इन्युइट ‘मक्तक’ म्हणतात. जास्त शिजवले, साठवले की हे जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून कच्चे किंवा गोठलेले खाण्याची पद्धत. ध्रुवीय अस्वलाचे यकृत मात्र ते टाळतात. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतके असते की विषबाधा होते.

म्हणून आपणही फक्त मांस खावे का? नाही. बेलव्ह्यूच्या प्रयोगात माणसे दोनच होती आणि खर्च मांस उद्योगाच्या संघटनेचा होता. शिवाय चरबीयुक्त आहाराशी जुळणारे जनुकीय बदल ग्रीनलंडच्या इन्युइटांत आढळल्याचे संशोधन २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा आहार त्यांच्या शरीराला, हवेला आणि शिकारीला धरून घडला आहे. आपल्याकडे तेच काम आवळा, पेरू आणि लिंबू करतात. तेही शक्यतो ताजे आणि न शिजवता खावे.

कुक आणि स्टेफानसन यांची नावे पुस्तकांत राहिली. पण कोणता अवयव खायचा, कोणता टाळायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले ते इन्युइटांनी. श्रेयाचा पहिला वाटा त्यांचाच.