पानिपतची थंडी आणि विजेची ऊब

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. शत्रूइतकेच उपासमारीने आणि उत्तरेकडील थंडीने भाऊसाहेबांच्या सैन्यास गांजले होते. तेथील पौषातील थंडी आजही बोचरीच आहे. मात्र आता पुष्कळ घरांत भिंतीवर विजेचा हीटर बसविलेला आढळतो.

हीटर २००० वॉटचा व विजेचा दाब २३० व्होल्ट धरल्यास तारेतून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. दिव्या-पंख्यांचा साधा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दीडपटीहून थोडा कमी असलेला हा जादा भार उष्णता मात्र दुपटीहून अधिक निर्माण करतो. ती भिंतीच्या पोटात साठते, तारेचे आवरण खंगते आणि घर निजलेले असताना एखादी ठिणगी घात करते.

यास्तव हीटरला मुख्य फलकापासून स्वतंत्र सर्किट द्यावे. तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटरची, स्विच दोन्ही तारा तोडणारा आणि संरक्षक १६ अँपिअरचा असावा. अर्थिंग तर हवेच; शिवाय ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे उपकरणही हवे. काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावे.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे गृहस्थ कमी नाहीत. पण फ्यूजचे उडणे हा उपद्रव नसून इशारा आहे. पहारेकऱ्याचे तोंड बांधून चोर टळत नाही.