विश्लेषण : धडकेत मोडलेला पाय 'आपोआप' बरा होतो का?

मुंबई-नाशिक महामार्ग आणि गोदामांकडे जाणारे रस्ते यांमुळे भिवंडीत दिवसरात्र ट्रक-कंटेनरची वर्दळ असते. त्याच रस्त्यांवर भटकी कुत्री आणि मोकाट गुरेही फिरतात. धडकेत पाय मोडलेले जनावर दिसले, की कुणी तेल चोळते, कुणी फडके करकचून बांधते, तर कुणी 'आपोआप बरे होईल' म्हणून सोडून देते. हाड आपोआप जुळते हे खरे. पण ते सरळच जुळेल याची हमी नसते.

हाड कशाचे बनते?
हाड ही रक्तपुरवठा असलेली जिवंत ऊती आहे. तिच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्षारांचा, तर उरलेला मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. आरसीसी बांधकामात काँक्रीट दाब पेलते, सळई ताण. हाडात दाब क्षार पेलतात, ताण कोलॅजनचे तंतू.

मोडलेले हाड कसे जुळते?
मोडलेल्या जागी रक्ताची गुठळी होते. पुढच्या काही दिवसांत तिथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. त्यात क्षार साठून काही आठवड्यांत तो कडक होतो. त्यानंतर अनेक महिने हाड पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवत राहते. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्ये हेच तत्त्व मांडले. मात्र टोके सतत हलत राहिली, तर मऊ जोड पुन:पुन्हा तुटतो. म्हणून प्लॅस्टर, रॉड किंवा प्लेट लागते.

पिल्लांचे वेगळे काय?
पिल्लांची हाडे मोठ्या कुत्र्यांपेक्षा बरीच लवकर जुळतात. परंतु लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते. तिला इजा झाल्यास हाड सांधले तरी पाय आखूड किंवा वाकडा राहू शकतो.

गाय-म्हशीचे उपचार कठीण का?
कुत्रे तीन पायांवर चालू शकते. शेकडो किलोंच्या गायीला ते जड जाते. ती फार वेळ एकाच कुशीवर पडून राहिली, तर खालचे स्नायू आणि नसा दबून निकामी होऊ लागतात.

काय करावे?
पाय ओढून सरळ करू नका, मालीश टाळा. जखम उघडी असल्यास स्वच्छ कापडाने झाका. कुत्र्याला फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर अलगद उचला. वेदनेने ते चावू शकते, हे लक्षात ठेवा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. मांजरांसाठी पॅरासिटामॉल जीवघेणे ठरते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजेच 'बैलघोडा हॉस्पिटल', हाही पर्याय आहे.

उशीर झाल्यास काय?
वाकडा जोड एकदा कडक झाला, की पाय सरळ करण्यासाठी बऱ्याचदा शस्त्रक्रियेत हाड पुन्हा कापावे लागते. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांतच जनावर डॉक्टरांपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे.