खड्डा किती खोल आहे, आणि त्याला धरून काय ठेवले आहे?

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लेकरेही होती. त्या खोल्या नव्या बांधकामावरच्या मजुरांच्या होत्या. नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांतली माणसेही पोटासाठी अशाच साइटवर जातात. आता तर आपल्या शहरांतही तळघरासाठी खोल खड्डे खणले जातात. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअरचा नाही, आपलाही आहे.

माती का ढासळते?

जमिनीला शेजारची जमीन धरून असते. खड्डा खणला की एका बाजूचा आधार जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भेगांतून पाणी आत उतरते, मातीचे वजन वाढते, पकड सुटते. काठावर टाकलेला मातीचा ढीग आणि उभे पोकलेन त्यात भर घालतात.

ग्राउंड अँकर म्हणजे काय?

तंबूचा दोर खुंटीला ताणून बांधतो, तसेच हे आहे. खड्ड्याच्या कडेला आधी काँक्रीटची भिंत किंवा ओळीने पाइल उभे करतात. थोडे खोदले की भिंतीतून मागच्या जमिनीत तिरके, खाली उतरते भोक पाडतात. त्यात पोलादी तारांचा जुडगा सारतात आणि आतल्या टोकाला सिमेंटचे पातळ मिश्रण भरतात. ते घट्ट झाल्यावर तारा जॅकने ताणून भिंतीच्या तोंडाशी अडकवतात. मगच पुढचा टप्पा खणायचा.

आतले टोक सरकणाऱ्या मातीच्या पलीकडे हवे. काळ्या मातीत पकड कमी, म्हणून ते खालच्या मुरमात किंवा खडकात न्यावे लागते. प्रत्येक अँकरला ठरलेल्या भारापेक्षा जास्त ताण देऊन तपासतात. भिंतीमागचे पाणी निघायला वाट ठेवतात. अँकर शेजाऱ्याच्या जागेखाली जात असेल तर त्याची परवानगी लागते.

प्रत्येक खड्ड्याला अँकर लागत नाही. जागा असेल तर उतार देऊन खणता येते. अरुंद चराला फळ्या आणि आडवे टेकू पुरतात. पण काहीतरी आधार हवाच.

साइटवर काय पाहावे?

भारतीय मानक ३७६४ सांगते ते लक्षात ठेवू :

- मातीतला चर १.५ मीटरपेक्षा खोल असेल तर आधार हवा.
- काढलेली माती काठापासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातले जे जास्त असेल तितकी लांब हवी.
- वर यायला शिडी हवी.

काठाला नवी भेग पडली, भिंत पुढे झुकली किंवा पाणी झिरपू लागले, तर आधी माणसे बाहेर काढायची. मजुरांच्या खोल्या भिंतीच्या पायथ्याशी बांधू द्यायच्या नाहीत.

विचारायचे कोणी?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराची सुरक्षा ही मालकाची मेहरबानी नाही, हे आपण तेव्हापासून जाणतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकली होती. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते.

एकट्या मजुराने प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी बंद होते. म्हणून हा प्रश्न संघटनेने, मंडळाने, वस्तीने मिळून विचारायला हवा. वस्तीतल्या कामगारांच्या नोंदणीची यादी करण्यापासून आपण सुरुवात करू शकतो.