चित्रकलेची तासिका आणि छात्राध्यापकाची कसोटी

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला आठवड्यातून एखाद-दुसरी तासिका मिळते आणि परीक्षा जवळ आली की बहुधा तीच सर्वांआधी गणिताला किंवा विज्ञानाला दिली जाते. अशा तासिकेत प्रशिक्षणार्थी शिक्षकाचा, म्हणजेच छात्राध्यापकाचा, दिवस कसा जातो हे पाहिले की या विषयाचे मोल आणि त्यातील अडचण दोन्ही ध्यानात येतात.

हा दिवस शाळेची घंटा होण्यापूर्वीच सुरू होतो. पाठ टाचणावर मार्गदर्शक शिक्षकांची सही घ्यायची, कागद मोजून ठेवायचे, पाण्याची भांडी आणि जुनी फडकी गोळा करायची. तासिका साधारण चाळीस मिनिटांची असली, तरी प्रस्तावना, प्रात्यक्षिक आणि आवराआवर वजा जाता मुलांच्या हाती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे उरतात. नियोजन चुकले तर ओल्या रंगांचे कागद आणि पुढच्या विषयाचे शिक्षक एकाच वेळी दारात येतात.

खरी कसोटी मात्र वर्ग बदलतो तेव्हा लागते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले. त्यानुसार सात ते नऊ वर्षांची मुले खाली जमिनीची रेघ ओढून तिच्यावर माणसे, झाडे, घरे उभी करतात. ती चूक नसून त्या वयाची समज असते. नऊ ते बारा या वयात मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसावेसे वाटू लागते. ते शेजारच्याच्या कागदाकडे पाहते, पुन्हा पुन्हा खोडते आणि ‘मला जमत नाही’ म्हणून पेन्सिल खाली ठेवते. अनेकांचे चित्र काढणे याच वळणावर कायमचे सुटते.

अशा वेळी मुलाच्या हातातील पेन्सिल घेऊन चित्र सुधारून देण्याचा मोह छात्राध्यापकाला होतो. चित्र सुधारते, पण ते मुलाचे राहत नाही. त्याऐवजी समोर कळशी ठेवून प्रश्न विचारावा: वरून पाहताना तिचे तोंड गोल दिसते, मग डोळ्यांच्या पातळीवर आणल्यावर ते कसे दिसते? उत्तर शोधताना मूल पाहायला शिकते. वस्तुचित्राचा पाया तोच आहे.

फळ्यावर दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि एक झोपडी काढली की सारा वर्ग तेच उतरवतो. त्यापेक्षा परिसरातील विषय अधिक बोलका ठरतो. गोव्यातील जुन्या मंदिरांच्या भिंतींवरील कावी चित्रांत तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला जातो. वर्गात मेणखडूच्या जाड थरावर साबण मिसळलेला तांबडा रंग लावायचा आणि तो वाळल्यावर काडीने खरवडायचा. एवढ्याने ते तंत्र मुलांना उमगते. रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून या पाठासाठी जोडतासिका हवी.

दिवसाअखेरीस निरीक्षण वहीत नोंदी होतात. कोणाचे चित्र सुंदर, यापेक्षा कोणी नीट पाहिले, कोणी जागेचा विचार केला, कोणी सोडून दिलेले काम पुन्हा हाती घेतले, यांना तेथे महत्त्व असावे. पुढच्या आठवड्याचा पाठ या नोंदींवरच बेतावा लागतो. मात्र त्यासाठी ती तासिका वेळापत्रकात टिकली पाहिजे.