लोण परत आणताना

एखादे आंदोलन गावोगाव पसरले की वर्तमानपत्रे 'आंदोलनाचे लोण पोहोचले' असे लिहितात. अडलेली बोलणी मार्गी लागली की आपण 'कोंडी फुटली' म्हणतो. लोण आणि कोंडी हे आट्यापाट्यांच्या मैदानावरचेही शब्द. वर्धा जिल्ह्यात हा खेळ पुन्हा उभा करायचा, तर सुरुवात या शब्दांपासून करावी असे मला वाटते.

जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी. पहिली आडवी ती कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक राखणदार. त्याने पाटी सोडायची नाही, पण आवाक्यात आलेल्याला टिपायचे. कपाळपाटीचा राखणदार म्हणजे सूर, तो मात्र उभ्या पाटीवरूनही धावतो. पुढे-मागे आडवी पाटी आणि बाजूला सूर, अशा चौकात सापडला की खेळाडूची कोंडी होते. ती हुलकावणीनेच फुटते. या व्यूहात शिरणे ही अर्धीच कामगिरी. अभिमन्यूला जमले नाही ते, म्हणजे पलीकडे जाऊन परत येणे, इथे जिंकण्याची खूण आहे. तेच लोण.

लोण म्हणजे मूळचे लवण, मीठ. इंडोनेशियात असाच रेघांचा खेळ आहे, त्याचे एक नाव 'गलाह आसिन', आणि आसिन म्हणजे खारट. तमिळ मुलांचा किळित्तट्टू, बंगालचा दाडियाबांधा, फिलिपिन्सचा पातिंतेरो ही याच कुळातली भावंडे. आपल्या अंगणातला खेळ समुद्रापलीकडेही नांदतो, याचा मला अभिमान वाटतो.

विसाव्या शतकात देशी खेळांचे नियम कागदावर आले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. शेजारच्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले. 1982 मध्ये आट्यापाट्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला. नऊ गडी, सात मिनिटांचे डाव, 23 फूट 1 इंच लांबीच्या आडव्या पाट्या असे मोजमाप ठरले. त्यामुळे स्पर्धा टिकल्या.

पण स्पर्धेच्या नियमांत गावचा खेळ मावत नाही. पाच जणच जमले तर पाट्या किती आखायच्या? सूर कोणी व्हायचे? पाटीवर पाय पडला की नाही, हा तंटा कोणी मिटवायचा? ही उत्तरे आजोबा-आजींच्या आठवणीत असतात, आणि तोंडी विचारली तर 'तसंच असते' एवढेच ऐकू येते. म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून विचारू नका. आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या शाळांनी या हिवाळ्यात पटांगणात राखेच्या रेघा ओढाव्यात, मुलांना खेळायला लावावे आणि म्हाताऱ्यांना कडेला बोलवावे. मूल चुकले की ते आपसूक ओरडतील, 'अरे, असं नाही!' तो ओरडा लिहून घ्यावा. हरवलेला नियम त्या ओरड्यात सापडेल.