चौघांच्या हातचे वळण

नगरचे रणगाडा संग्रहालय पाहून नाशिकला परतताना मला एकच प्रश्न छळत होता : पहिले रणगाडे वळत कसे? १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर उतरलेल्या ब्रिटिश ‘मार्क १’मध्ये आठ जण असत, त्यांतले चौघे गाडी चालवण्यातच गुंतलेले. तत्त्व बैलगाडीचेच : आतला बैल आवरायचा, बाहेरचा हाकायचा. डावीकडे तीव्र वळण घ्यायचे तर आधी रणगाडा थांबवावा लागे. इंजिनाच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नसे. चालक ठोके देऊन बोटांनी खुणावी. मागचा डावा गिअरवाला आपला पट्टा मोकळा करी, उजवा गिअर टाकी, कमांडर डावा ब्रेक ओढी. म्हणजे अशा प्रत्येक वळणाला शत्रूच्या तोफांसमोर थबकणे आलेच. १९१८च्या ‘मार्क ५’मध्ये विल्सन यांच्या नव्या गिअररचनेमुळे एकच चालक पुरू लागला. तोवर चौघांपैकी एक जरी जायबंदी झाला, तरी वळणे अवघड होई.